एकीला गोळी, एकीला सुई: असं का?

मागच्या मे महिन्यात मी थोरल्या ताईकडे मैंदर्गीला आठ दिवस राहून आले. मैंदर्गी म्हणजे सोलापूर जिल्ह्याच्या अगदी कडेचं गाव. अक्कलकोट सोडून दुधनीच्या रस्त्याला लागलं की वाटेत लागतं. पुढे थोड्याच अंतरावर कर्नाटक. त्यामुळे ताईच्या घरात मराठी बोलता बोलता कानडी कधी सुरू होते ते कळत नाही. तिच्या सासूबाईंना घरीदारी सगळे अव्वा म्हणतात. मीही अव्वाच म्हणते.

पहिल्याच दिवशी सकाळी मी चहा ठेवायला उठले, तर स्वयंपाकघरातल्या फळीवर औषधांचं दुकानच मांडलेलं. ताईची थायरॉइडच्या गोळ्यांची बाटली. तिच्या शेजारी कागदाच्या पुड्यांचा डबा. तो अव्वांच्या गुडघ्यांसाठी. आणि फळीखाली, गार सावलीत, मडक्यात ठेवलेलं माझ्या भाचीचं इन्सुलिन.

भाची बारा वर्षांची. आदल्या दिवाळीत पोरगी सारखी पाणी प्यायला लागली, रात्री चारचारदा उठायला लागली, भूक लागूनही वाळत चालली. वाढीचं वय म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मग एक दिवस उलट्या आणि धाप. सोलापूरला दवाखान्यात नेलं तेव्हा रक्तातली साखर भलतीच वाढलेली. मुलांना होतो तो टाइप १ मधुमेह. तेव्हापासून दिवसातून चार वेळा सुई.

मी पूर्वी शाळेत शास्त्र शिकवीत असे, हे अव्वांना ठाऊक. चहा होताच त्यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "तुझ्या ताईला हार्मोनचंच दुखणं, असं डॉक्टर सांगितलाय. हिला पण हार्मोनचंच. मग तुझ्या ताईला गोळी चालतंय आणि माझ्या पोरीलाच सुई कशाला? सुईची सवय लागली की जन्मभर सुटत नाही म्हणतात. उद्या हिच्या लग्नाचं कसं?"

प्रश्न नुसता बोलण्यापुरता नव्हता. शेजारच्या एका गावात मुळीचं औषध देणारा कुणी होता. एकवीस दिवसांत साखर उतरवतो म्हणे. अट एकच, तेवढे दिवस सुई बंद. अव्वांनी पुढचा सोमवार धरून ठेवला होता. ताई घाबरलेली, पण सासूपुढे बोलायची चोरी.

मैत्रिणींनो, अव्वांचा प्रश्न खरोखर चांगला होता. त्याचं उत्तर हार्मोन कशाचं बनलेलं असतं यात आहे, आणि ते आपल्या प्रत्येकीच्या घरात उपयोगी पडणारं आहे. म्हणून त्या दिवशी अव्वांना जे सांगितलं, तेच तुम्हाला सांगते.

निरोप एक, निरोप्ये निराळे

आपल्या शरीरात काही ग्रंथी अशा आहेत की त्या आपला रस नळीवाटे बाहेर न सोडता थेट रक्तात सोडतात. गळ्यातली अवटु ग्रंथी म्हणजे थायरॉइड, मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली अधिवृक्क ग्रंथी, मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका. स्वादुपिंड आणि बीजांडकोशही हे काम करतात. त्या रसातले पदार्थ रक्ताबरोबर दूरवर जाऊन निरोप पोचवतात: साखर आत घ्या, दूध सोडा, हाडं वाढवा. या निरोप्यांना १९०५ साली स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने हार्मोन हे नाव दिलं. मराठीत आपण संप्रेरक म्हणतो.

असे निरोप्ये पन्नासाहून अधिक आहेत. पण रसायनाच्या दृष्टीने पाहिलं तर त्यांची मुख्य कुळं तीनच. आणि ताईच्या घरात तिन्ही कुळं एका कोपऱ्यात नांदत होती!

पहिलं कुळ: मण्यांची माळ

डाळ, दूध, अंडं यांतली प्रथिनं म्हणजे बारीक मण्यांच्या माळा. या मण्यांना अमिनो आम्लं म्हणतात. पुष्कळशी हार्मोन्स अशाच माळा असतात. बाळंतपणात कळा आणणारं आणि नंतर दूध उतरवणारं ऑक्सिटोसिन अवघ्या ९ मण्यांचं. इन्सुलिन ५१ मण्यांचं. मुलांना उंची देणारं वाढीचं हार्मोन १९१ मण्यांचं. दिवस राहिले की नाही हे पाहायला आपण लघवीत जी पट्टी बुडवतो, ती ज्याला ओळखते ते एचसीजीही याच कुळातलं.

आता प्रथिन पोटात गेलं की काय होतं? जठरातलं आम्ल आणि पुढचे पाचक रस माळेचा दोरा तोडून मणी सुटे करतात. ही डाळीतली माळ आणि ही इन्सुलिनची, असा भेद पोटाला कळत नाही. इन्सुलिन गिळलं तर ते वरणासारखं पचून जाईल. साखर होती तिथेच राहील.

हा धडा शास्त्रज्ञांनाही ठेच लागूनच मिळाला. १८८९ साली जर्मनीत मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं, तर त्याला मधुमेह झाला. मग स्वादुपिंडच खायला घालावं म्हणून कितीतरी जणांनी रोग्यांना ते चारून पाहिलं. गुण आला नाही. अखेर १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी त्यातला रस वेगळा काढला, आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला तो टोचला. पहिली सुई नीट लागू पडली नाही. रस आणखी शुद्ध करून दिल्यावर साखर उतरली. त्याआधी असं मूल फार तर वर्ष-दोन वर्षं काढत असे, तीही उपासमारीच्या पथ्यावर.

अव्वांचा पुढचा प्रश्न मला अपेक्षितच होता. घर शाकाहारी, गळ्यात लिंग. "ते औषध जनावराचं असतंय म्हणे?" असायचं, एके काळी. गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत. डुकराच्या इन्सुलिनमध्ये माणसापेक्षा एकच मणी वेगळा आणि गाईच्यात तीन, म्हणून ते आपल्याला चालून जाई. १९८२ पासून मात्र माणसाचंच इन्सुलिन सूक्ष्मजीवांकडून बनवून घेण्याची युक्ती बाजारात आली. आपल्या महाराष्ट्रात औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, वॉकहार्ट कंपनीने ते बनवलं आणि २००३ साली विक्रीला आणलं.

आणि सवयीचं म्हणाल, तर सवय अफूची लागते, इन्सुलिनची नाही. टाइप १ मध्ये स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात. जे शरीरात तयार होत नाही ते बाहेरून द्यायचं, एवढंच. घरातल्या मोठ्या माणसांना होतो तो टाइप २ मधुमेह. त्यात शरीरात इन्सुलिन काही प्रमाणात असतं, म्हणून पुष्कळांचं गोळ्यांवर भागतं. पण त्या गोळ्या म्हणजे इन्सुलिन नव्हे. लहान मुलाचं इन्सुलिन बंद केलं तर एकवीस दिवस लांबच राहिले. एक-दोन दिवसांत रक्तात आम्ल साचू लागतं आणि जिवावर बेततं.

अलीकडे श्वासावाटे ओढायची इन्सुलिनची भुकटी निघाली आहे. पण ती मोठ्या माणसांसाठी, आणि टाइप १ मध्ये तिच्या जोडीला लांब टिकणारं इन्सुलिन टोचावंच लागतं.

याच कुळाच्या नियमाने आणखी एक भीती कमी होते. म्हशीला पान्हा सुटावा म्हणून काही गवळी ऑक्सिटोसिन टोचतात, आणि त्या दुधाने मुली लवकर वयात येतात, असं तुम्हीही ऐकलं असेल. पण ऑक्सिटोसिन नऊ मण्यांची माळ. पोटात गेलं की पचून जाणार. शिवाय वयात येणं घडवणारं हार्मोन ते नव्हेच. तरी अशा गवळ्याचं दूध घेऊ नका, ते दुसऱ्या कारणासाठी: जनावराचे हाल होतात. दूध वाढवण्यासाठी जनावराला अपाय करणारी सुई टोचणं १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

दुसरं कुळ: एकच मणी, पण घडवलेला

आता ताईची बाटली. थायरॉइडचं हार्मोन म्हणजे माळ नव्हे. टायरोसिन नावाचे दोन मणी एकमेकांत बसवून त्यांवर आयोडीनचे चार अणू जडवले की थायरॉक्सिन तयार होतं. इतका लहान तुकडा पोट तोडत नाही, आतडं तो जसाच्या तसा रक्तात घेतं. म्हणून याची गोळी चालते.

याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. १८९१ साली इंग्लंडात मरे नावाच्या डॉक्टरने थायरॉइड आटलेल्या एका बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. सुजून सुस्त पडलेली ती बाई हिंडूफिरू लागली आणि पुढे अठ्ठावीस वर्षं जगली. पुढच्याच वर्षी लक्षात आलं की टोचायची गरजच नाही, मेंढीची ग्रंथी नुसती खाल्ली तरी गुण येतो! स्वादुपिंड खाऊन जे साधलं नाही ते इथे साधलं, कारण कूळ वेगळं. आज ही गोळी कारखान्यात रसायनांपासून बनते.

आयोडीन मात्र शरीर बनवू शकत नाही. ते मिठातून यायला हवं. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे सुईच्या टोकावर मावेल एवढंच. पण तेही न मिळाल्याने गलगंड होतो, आणि गरोदरपणी कमी पडलं तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. आपल्या देशात खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला २००६ पासून बंदी आहे. लोणच्यासाठी आणलेलं खडेमीठ रोजच्या भाजी-आमटीत वापरू नका. आयोडीनचं मीठ झाकणाच्या बरणीत, चुलीपासून दूर ठेवा.

ताई गोळी कशी घेई, ते पाहून मात्र मी कपाळाला हात लावला. चहाबरोबर, आणि लगेच वर कॅल्शियमची गोळी! थायरॉक्सिन अनशापोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायचं. पुढे अर्धा तास ते तासभर चहा-नाश्ता नाही. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचं अंतर हवं, नाहीतर थायरॉक्सिन आतड्यातच अडकून राहतं. रक्तात ते आठवडाभर टिकतं, म्हणून एखादा दिवस चुकला तर आभाळ कोसळत नाही. पण म्हणूनच मात्रा बदलल्यावर फरक कळायलाही सहा आठवडे लागतात. आणि दिवस राहिले म्हणून ही गोळी कधीही बंद करू नका. उलट डॉक्टरांना लगेच सांगा. बहुतेकींना मात्रा वाढवावी लागते, कारण पहिले तीन महिने बाळ आईच्याच थायरॉइडवर असतं.

याच टायरोसिनपासून ॲड्रेनॅलिनही बनतं. कुत्रं अंगावर आलं की छाती धडधडते ती त्याच्यामुळे. ते मात्र क्षणात येतं आणि मिनिटांत विरतं. भाचीची साखर फार उतरली की तिला घाम फुटतो, हात थरथरतात, तेही बरंचसं ॲड्रेनॅलिनचंच काम. शरीर सांगत असतं, साखर द्या. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजायची. पोर शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

तिसरं कुळ: तुपाच्या जातीचं

तिसऱ्या कुळाची सगळी हार्मोन्स कोलेस्टेरॉलपासून बनतात. त्यांना स्टेरॉइड म्हणतात. पाळीचं चक्र चालवणारी इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन, पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन, ताण सोसायला लावणारं कॉर्टिसोल ही सारी एका घरची. पेशीची भिंत स्निग्ध, आणि हीही स्निग्धात विरघळणारी. त्यामुळे माळेच्या कुळातली हार्मोन्स पेशीच्या दारावर थाप मारून निरोप देतात, तर ही थेट माजघरात शिरतात. म्हणून यांचा परिणाम सावकाश होतो आणि बराच काळ राहतो.

या कुळातली औषधं गोळीतून चालतात. माला-डी घ्या. तिच्या पाकिटातल्या २८ गोळ्यांपैकी २१ मध्ये दोन हार्मोन्स असतात आणि उरलेल्या ७ लोहाच्या. सणाला, पूजेला, अक्कलकोटच्या दर्शनाला जायचं म्हणून पाळी पुढे ढकलायची जी गोळी आपण शेजारणीकडून मागून घेतो, तीही याच कुळातली. मागून घ्यायची वस्तू ती नव्हे. रक्तदाब असेल, पायाच्या शिरेत कधी गाठ झाली असेल, अंगावर पिणारं लहान बाळ असेल, तर या गोळ्या डॉक्टरांना विचारल्यावाचून नकोत. क्षयाच्या औषधातलं रिफॅम्पिसिन चालू असेल तर गर्भनिरोधक गोळीचा भरवसा राहत नाही, हेही लक्षात असू द्या.

सुई दिसली की ते माळेचंच औषध, असं मात्र समजू नका. सरकारी दवाखान्यात तीन महिन्यांनी देतात ते 'अंतरा' स्टेरॉइडच आहे. ते हळूहळू झिरपावं म्हणून टोचतात. आणि 'सहेली', जी आता सरकारी दवाखान्यात 'छाया' या नावाने मिळते, ती गर्भनिरोधक असूनही स्टेरॉइड नाही. लखनौच्या आपल्याच औषध संशोधन संस्थेची ती देणगी.

या तीन कुळांखेरीज एक लहानसं बिऱ्हाड आहे, प्रोस्टाग्लँडिनचं. ती स्निग्ध आम्लांपासून जागच्या जागी बनतात आणि तिथेच काम करून संपतात. पाळीच्या पहिल्या दिवशी ओटीपोटात कळा येतात त्या यांच्यामुळे.

अव्वांच्या पुड्या

आता राहिला फळीवरचा तिसरा डबा. अव्वांच्या पुडीवर नाव नाही, गाव नाही. दोन वर्षांपूर्वी गुडघे धरले होते. या पुड्यांनी दोन दिवसांत चालायला लागल्या. मी त्यांचा चेहरा पाहत होते. पूर्वी उभट असलेला तो गोल झालेला, दंडावर जरा लागलं की काळंनिळं, पोट सुटलेलं आणि हातपाय बारीक. साखरही वाढू लागली होती.

मला शंका आली ती अशी. कॉर्टिसोलसारखी औषधं सूज आणि दुखणं चटकन दाबतात. दमा, संधिवात अशा दुखण्यांत डॉक्टर ती मोजून देतात आणि त्यांनी जीवही वाचतात. पण नाव नसलेल्या पुड्यांत हीच औषधं कुटून घालणारे लोक आहेत. बाहेरून रोज मिळू लागलं की आपली अधिवृक्क ग्रंथी काम सोडून बसते. मग पुडी एकदम बंद केली की शरीरात कॉर्टिसोल उरत नाही. गळून जाणं, उलट्या, रक्तदाब उतरणं, आणि वेळेवर इलाज झाला नाही तर मृत्यूसुद्धा.

मी हे सांगताच अव्वांनी डबा उचलला. "मग आजच चुलीत घालते," म्हणाल्या. मी त्यांचा हातच धरला. पुडी वाईट, पण एकदम सोडणं त्याहून वाईट. दुसऱ्या दिवशी पुड्या घेऊनच आम्ही दोघी सोलापूरला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सकाळच्या रक्तातलं कॉर्टिसोल तपासलं. फारच कमी निघालं. त्यांनी मोजक्या मात्रेची गोळी लिहून दिली आणि ती महिन्या-महिन्याने कशी उतरवायची ते कागदावर मांडून दिलं.

परतीच्या एसटीत अव्वा बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मला चांगलं वाटणारं सोडायचं, आणि पोरीला टोचणारं धरून ठेवायचं." मी म्हटलं, "हो अव्वा, असंच." त्या सोमवारी कुणी कुठे गेलं नाही. संध्याकाळची सुई अव्वांनी स्वतः जवळ बसून पाहिली. लग्नाची काळजी त्यांनी अजून सोडलेली नाही. मी त्यांना सांगितलं, इन्सुलिन घेणाऱ्या मुली शिकतात, नोकऱ्या करतात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुखरूप बाळंत होतात. आधी पोरगी मोठी तर होऊ द्या.

मडक्याविषयी थोडं

सोलापूरकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो आणि वीज जायची ती नेमकी दुपारी. इन्सुलिन प्रथिन आहे; उन्हाने नासतं आणि गोठलं तरी नासतं. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात कधीच नको. वापरातली बाटली साधारण चार आठवडे थंड जागी राहते. नक्की मुदत वेष्टनावर पाहा. फ्रिज नसेल तर मोठ्या मडक्यात लहान मडकं ठेवून मधल्या फटीत ओली वाळू भरा. बाटली झाकणाच्या डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवा, वर ओलं फडकं टाका, आणि सगळं सावलीत, वारा लागेल असं ठेवा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं, म्हणून हा उपाय चांगला साधतो. कोकणातल्या दमट हवेत तितकासा नाही. एरवी स्वच्छ दिसणारं इन्सुलिन गढूळ झालं, किंवा कुठल्याही इन्सुलिनमध्ये गुठळ्या दिसल्या, तर ते टाकून द्या.

एवढं जपा

– मुलाला फार तहान, वारंवार लघवी, वजन उतरणं ही लक्षणं दिसली तर त्याच दिवशी साखर तपासून घ्या.
– टाइप १ मधुमेहाच्या मुलाचं इन्सुलिन ताप-उलट्यांतही पूर्ण बंद करू नका. खाणं कमी असेल तर मात्रा डॉक्टरांना विचारा.
– थायरॉइडची गोळी अनशापोटी. चहा, लोह, कॅल्शियम नंतर.
– नाव नसलेली पुडी घरात घेऊ नका. पुष्कळ दिवस घेत असाल तर मनाने एकदम सोडूही नका. पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा.
– कुठलंही हार्मोनचं औषध दुसरीचं पाहून घेऊ नका. आज रात्री स्वयंपाकघर आवरलं की आपल्या फळीवरची औषधं एकदा खाली काढा, आणि कोणतं कुणाचं, कशासाठी आणि केव्हा घ्यायचं, ते चिठ्ठीवर लिहून डब्याला चिकटवा.